रुळातली फट

गेल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझा हात हवेत थांबला. कुणी धरला नाही, दुखला नाही, चमक आली नाही; नुसता थांबला. मी एका मोठ्या हॉस्पिटलात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही बाहेरून येणारी वीज मुद्दाम तोडतो आणि जनरेटर भार उचलतो की नाही ते बघतो. आपोआप बदल करणारी यंत्रणा आहे, पण चाचणीच्या दिवशी ती बाजूला ठेवून मी हाताने करतो, कारण यंत्रणा कधीतरी दगा देणार आणि तेव्हा माणसाचा हातच कामाला येणार, असं माझं मत आहे आणि ते मी बारा वर्षं सगळ्यांच्या माथी मारत आलोय. पॅनेलवर दोन हँडल. आधी डावं खाली, मग उजवं वर. यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. शर्टात आधी कुठला हात घालतो ते आपण कुठे लक्षात ठेवतो? त्या दिवशी डावं खाली ओढलं, वरचे मजले अंधारात गेले, आणि उजव्या हँडलपाशी गेलेला हात तिथेच राहिला. समोरचं सगळं दिसत होतं. हँडल होतं, त्याला पिवळा रंग होता, एका कोपऱ्यात तो उडाला होता. फक्त त्याचं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. सात-आठ सेकंद असतील. मग ठाऊक झालं, हँडल वर गेलं, दिवे आले. ऑपरेशन थिएटरातली यंत्रं तेवढा वेळ बॅटरीवर तग धरतात, त्यामुळे वर कुणाला काही कळलं नाही. मागे आमचा जनरेटरचा मेकॅनिक उभा होता, ज्याला सगळं हॉस्पिटल डिझेल म्हणतं. तो नंतर चहाच्या वेळी चारचौघांत सांगत होता की साहेबांचा कान बघा, इंजिनाचा आवाज स्थिर झाल्याशिवाय भार टाकत नाहीत. मी मान डोलावली आणि मूग गिळून बसलो. ते कौतुक अजून घशात आहे.

माझे वडील टपालात होते. पत्रांची वाटणी करायचे. भिंतभर लाकडी खण, आणि न बघता फेकलेलं पाकीट बरोबर आपल्या खणात जायचं. लहानपणी मी एकदा तिथे स्टुलावर बसून ते पाहिलं होतं आणि घरी येऊन आईच्या सगळ्या वाट्या-चमच्यांची वाटणी करून मार खाल्ला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी वडिलांची पाकिटं चुकीच्या खणात जायला लागली. सोबतचे लोक सज्जन. सहा महिने ते वडिलांच्या पाठीमागे उठून पाकिटं काढत आणि योग्य खणात ठेवत. आम्हाला हे निरोपसमारंभाच्या दिवशी, वडील हार घालून बसलेले असताना, एका गृहस्थांनी कोपऱ्यात घेऊन सांगितलं. नंतर चार वर्षांनी वडील एका दुपारी मला म्हणाले, "आपण बसा ना. आपण कुठून आलात?" उभ्या आयुष्यात ते मला अरे-तुरे सोडून बोलले नव्हते, आणि त्या दिवशी त्यांनी मला आपली खुर्ची दिली. मी बसलोसुद्धा. काय करणार? मी आता छप्पन्न वर्षांचा आहे. हा हिशेब मी कधी मुद्दाम करत नाही, तो दाढी करताना आपोआप होतो.

हे सगळं सांगण्याचं कारण माझी रेल्वे. आमच्या मागच्या खोलीत एका जुन्या दरवाजाच्या फळीवर मी छोटी रेल्वे मांडली आहे: एक स्टेशन, एक बोगदा, पुठ्ठ्याची अकरा घरं आणि बोटाच्या पेराएवढी माणसं, ज्यांतली निम्मी डिंक सुटून आडवी झाली आहेत. मुलीसाठी म्हणून सुरुवात केली होती. कार्टीने तिला कधी हात लावला नाही, आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि फोनवर विचारते, बाबा, गाडी बरी आहे ना? खिडकीखाली बायकोचं शिलाई मशीन. ती कपडे शिवते, मी गाडी चालवतो, आणि दोन मोटरींचा आवाज ऐकत आमच्या कित्येक संध्याकाळी न भांडता गेल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी सोडली, ती स्टेशनातून सुटली, बोगद्यातून वळशावर गेली, मी वळशाचं बटण फिरवलं आणि गाडी जागच्या जागी मेली. कंट्रोलरचा लाल दिवा लागला. शॉर्ट.

लाल दिवा लागला की छातीत काय होतं ते माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. घरातली खेळण्यातली गाडी, बारा व्होल्ट, मुंगीसुद्धा मरणार नाही. पण माझ्या छातीत धस्स झालं, कारण त्या आधीचे तीन आठवडे मी स्वतःला लपूनछपून तपासत होतो. रोज सकाळी जिने चढताना मजल्यावरच्या वॉर्डांची नावं उलटी म्हणायची. जुन्या फोनचे नंबर आठवायचे. आता हा दोष समोर आला आणि मी तिथल्या तिथे सौदा केला, कुणाशी कोण जाणे: येत्या सोमवारी पुन्हा चाचणी आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत हा दोष मी कागद, पुस्तक, नकाशा न बघता एकट्याने शोधला, तर माझं डोकं शाबूत आहे. मी पॅनेलपाशी उभा राहीन आणि त्या सात-आठ सेकंदांबद्दल जन्मात कुणाशी बोलणार नाही. नाही सापडला तर मोठ्या साहेबांना जाऊन सांगेन. सौदा करताना मला बरंच वाटलं, कारण दोष शोधण्यात माझा हात धरणारा आमच्या हॉस्पिटलात कुणी नव्हता. नव्हता म्हणतोय मी, आजही नाही असं म्हणत नाही.

वळसा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं. गाडीच्या दोन रुळांपैकी एकाला लाल तार, दुसऱ्याला काळी. ही दोघं एकमेकांना भिडली की शॉर्ट. साध्या गोल मार्गावर ती कधीच भिडत नाहीत. पण वळशात गाडी फिरून, तोंड उलटं करून, आल्या वाटेनेच परत येते, आणि तिच्याबरोबर लाल रूळ फिरून येऊन काळ्याला मिळतो. म्हणून वळशाच्या दोन्ही टोकांना रूळ कापून नखाएवढी फट ठेवायची, आत वेगळी वीज द्यायची आणि गाडी आत असताना बटणाने ती उलटी करायची. फट हाच त्यातला सगळा शहाणपणा. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोराला मी हेच आधी शिकवतो: कुठे जोडायचं ते कुणीही सांगेल, कुठे जोडायचं नाही ते सांग.

शनिवारी सकाळी सुरुवात केली. आधी रूळ पुसले, फडकं काळंकुट्ट झालं. मग इंजिन उलटं करून चाकं पुसली. मग भिंग घेऊन रुळावर टाचणी, तारेचा तुकडा, काही पडलंय का ते पाहिलं. शिवणकामाच्या खोलीत टाचण्यांना तोटा नाही, आणि मी ते जरा मोठ्याने म्हणालोही. बायको म्हणाली, टाचण्या तिच्या मोजलेल्या असतात, माझ्या प्रवाशांसारख्या लोळत नसतात. टाचणी सापडली नाही. बटण एका बाजूला असलं की सगळं सुरळीत, दुसऱ्या बाजूला फिरवलं की लाल दिवा. म्हणजे बटण. बटण उघडलं, त्यातल्या पितळी पट्ट्या घासल्या, तरी तेच. नवं बटण बसवलं, तरी तेच. बसवताना मला दोनदा थांबून तारा मोजाव्या लागल्या. सहा तारा. प्रत्येक वेळी सहाच आल्या, तरी मी तिसऱ्यांदा मोजल्या. दुपारी बायको म्हणाली, राहू द्या ना, बाहेर जाऊ, किती दिवसांत नदीकडे गेलो नाही. मी म्हणालो, हे संपल्याशिवाय नाही. ती म्हणाली, "गाडीच आहे हो. नाही चालली तर नाही चालली." तिच्या स्वरात काहीतरी विनवणीसारखं होतं, पण माझं लक्ष मीटरच्या काट्याकडे होतं आणि मला तिचा रागच आला. तिला काय माहीत या गाडीवर काय लावलंय ते.

त्या रात्री जेवताना मी मुद्दाम एक जुनी गोष्ट सांगितली, आमच्या लग्नात बँडवाल्यांचा ढोल फाटला होता ती. सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एखादा तपशील चुकला तर तिथे दिसेल म्हणून. ती हसली. पण ती बरोबर सांगितली म्हणून हसली की चुकीची सांगितली म्हणून, ते मला ठरवता येईना, आणि तेहतीस वर्षं ज्या चेहऱ्यासमोर जेवलो तो चेहरा मी चोरासारखा निरखत बसलो. झोप बरी लागली. याचीही मला भीती वाटली. वडिलांनाही त्या काळात झोप छान लागायची.

रविवारी सकाळी माझ्या लक्षात आलं की महिन्याभरापूर्वी मेहुणा येऊन गेला होता. बायकोचा हा धाकटा भाऊ मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करतो आणि त्या जोरावर जगातल्या कुठल्याही यंत्रात बोट घालतो. तो तासभर गाडी खेळत बसला होता, आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्यानंतर मी गाडी सोडली ती शुक्रवारीच. जिवात जीव आला. दोष असा आपोआप येत नाही, कुणीतरी तो करावा लागतो, आणि करणारा मिळाला की निम्मं काम झालं. मी बायकोला म्हणालो, हे तुझ्या बंधुराजांचे उपद्व्याप आहेत, पैज लाव. एरवी भावाबद्दल शब्द काढला की तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात. या वेळी ती कापडावर खडूने रेघ मारत होती, ती मारत राहिली.

मग मी ठरवलं की अंदाज पुरे, आता रीतीने जायचं. माझी रीत एकच, जी मी हॉस्पिटलच्या सहा मजल्यांवर वापरली आहे: अर्धं तोडा. ज्या अर्ध्यात दोष उरला त्याचं पुन्हा अर्धं. कितीही मोठं जाळं असू दे, सात-आठ वेळा अर्धं केलं की दोषाला लपायला जागा राहत नाही. स्टेशनची बाजू तोडली, दोष तसाच. बोगदा तोडला, दोष तसाच. वळशाच्या सगळ्या तारा बटणापासून सुट्या केल्या, आता वळसा जगापासून तुटलेला असायला हवा. मीटरची एक टोचणी वळशातल्या रुळाला लावली, दुसरी बाहेरच्या रुळाला. मीटर गप्प राहायला हवा होता. तो वाजला. बाहेरचा रूळ आणि आतला रूळ कुठेतरी एक होते. फटीत कागद घालून पाहिला, आरपार गेला. वरून फट स्वच्छ होती. म्हणजे खालून. खरं सांगतो, त्या क्षणी मला गाणं म्हणावंसं वाटलं. हात थांबला नव्हता, पुढचं पाऊल मागच्यातून आपसूक येत होतं, मी पूर्वीचा मी होतो. उद्या पॅनेलपाशी उभा राहीन, डावं खाली, उजवं वर, आणि डिझेलला म्हणेन, कान द्यावा लागतो बाबा.

मी उशी घेऊन फळीखाली उताणा झालो. तारांची जुडी तिथून जाते. मी प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत नाही. मला ज्यांनी काम शिकवलं ते म्हातारे वायरमन मेणाच्या दोऱ्याने जुडी बांधायचे, दर चार बोटांवर एक गाठ, गाठीत दोरा दोनदा फिरवून खालून काढलेला. आता असं बांधणारा कुणी उरलेला नाही. दुकानात तो दोरासुद्धा मिळत नाही, मी चांभाराकडून आणतो. वळशाच्या टोकापाशी जुडीतून एक लाल तार वर गेली होती आणि फटीच्या अलीकडे-पलीकडे रुळांच्या पोटाला जोडलेली होती. फट जोडली होती. कापलेला रूळ तुटलाय असं समजून कुणीतरी तो दुरुस्त केला होता. माझ्या मनात आलं, काम मात्र सुरेख आहे. कथलाचा डाख चकचकीत, एक थेंबही ओघळलेला नाही, वर नळीचं टोपण. मेहुण्याच्या हाताला ही सफाई कुठली? मग मी ती तार बोटाने चाचपत जुडीत मागे मागे गेलो आणि बोट गाठीवर आलं. नवा दोरा होता, अजून मेण चिकट होतं. चार बोटांवर दुसरी गाठ. दोनदा फिरवून खालून काढलेली.

मी किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे. फळीचा खालचा भाग अगदी जवळून दिसत होता. दरवाजा होता तेव्हाचे बिजागरीचे स्क्रू, कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा. मी आठवायचा प्रयत्न करत होतो. तार कापताना, डाख गरम होताना, दोरा दातात धरताना. तो वास मला पाठ आहे, चाळीस वर्षांचा आहे, पण या तारेचा वास कुठे सापडेना. अंधुकसुद्धा नाही. विसरलेल्या गोष्टीच्या जागी काहीतरी खाच, काहीतरी पुसल्याची खूण असेल असं मला वाटायचं. तिथे काहीच नव्हतं. गेले सगळे दिवस माझ्याकडे अखंड होते, आणि त्या अखंड दिवसांत मी ही तार जोडलेली नव्हती.

मशीनचा आवाज बंद झालेला होता. फळीच्या कडेपाशी बायकोची पावलं दिसत होती.

"ही तार कुणी जोडली?" मी खालूनच विचारलं.

ती खाली बसली, मग वाकली, तिचा चेहरा आडवा दिसला. "तुम्हीच," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. गाडी तिथे अडखळते, रूळ तुटलाय म्हणालात. मी टॉर्च धरला होता."

"तू विचारलं नाहीस, फट कशाला जोडताय म्हणून?"

"मला काय कळतं त्यातलं? काल तुम्ही शोधायला लागलात तेव्हा कळलं." मग ती म्हणाली, "आणि कळलं तेव्हा सांगायचा धीर झाला नाही."

मी बाहेर आलो. पक्कड घेऊन पुन्हा आत गेलो, तार दोन्ही बाजूंनी कापली, सुट्या केलेल्या तारा बटणाला जोडल्या. गाडी सोडली. ती स्टेशनातून निघाली, बोगद्यातून वळशावर गेली, मी बटण फिरवलं, ती फिरून आल्या वाटेने परत आली. पुन्हा सोडली, पुन्हा आली. लाल दिवा लागला नाही. दोष रविवारी दुपारी सव्वातीनला, कागद-नकाशा न बघता, एकट्याने शोधला होता. सौद्याप्रमाणे मी जिंकलो होतो. मी ते बायकोला बोलूनही दाखवलं, सौदा, चाचणी, थांबलेला हात, सगळं, आणि सांगता सांगता माझा आवाज वकिलासारखा होत गेला. शोधलं की नाही मी? ज्याचं डोकं गेलंय तो असा शोधू शकेल? ती म्हणाली, नाही शोधू शकणार. म्हणाली, दोनच वर्षं तर राहिलीत, डिझेल असतोच ना मागे, तो सांभाळून घेईल. ती मनापासून बोलत होती. मला तिचं म्हणणं इतकं हवंहवंसं वाटलं की मी पाच मिनिटं ते खरं मानलं. त्या पाच मिनिटांत मी गाडी तीन वेळा फिरवली.

पण मी शोधायला बसलो होतो तो दोष गाडीतला, आणि सापडला तो भलत्याच ठिकाणी. चुकीची तार वेड्यावाकड्या हाताने जोडली असती तरी एक वेळ चाललं असतं. थरथरलेला हात कुणालाही दिसतो, कुणीही त्याला थांबवतो. ही तार माझ्या सगळ्या कसबानिशी जोडलेली होती. उद्या पॅनेलपाशी माझा हात थांबला तर डिझेल तो सांभाळेल. पण तो न थांबता, सराईतपणे, डौलात, चुकीचं करून मोकळा झाला तर त्याला कोण अडवणार? सगळे कौतुकाने बघत राहतील. वर कुणाचं तरी पोट उघडं असेल.

मोठ्या साहेबांचा फोन तिसऱ्या घंटीला उचलला गेला. मागे टीव्ही चालू होता. त्यांना वाटलं, ताप आलाय म्हणून सुट्टी मागतोय. म्हणाले, बिनधास्त घे. मी म्हणालो, ताप नाही. मग ततपप होईल म्हणून आधीच ठरवलेलं वाक्य म्हटलं.

"साहेब, उद्या पॅनेलपाशी मला उभं करू नका. मी करतो ते माझ्या लक्षात राहत नाही."

टीव्हीचा आवाज बंद झाला. साहेबांनी विचारलं, म्हणजे काय काय झालंय? मी थांबलेल्या हाताचं सांगितलं, तारेचं सांगितलं, आणि म्हणालो की माझ्या माहितीत एवढंच आहे. साहेब म्हणाले, चाचणी डिझेल करेल, ते स्वतः त्याच्या शेजारी उभे राहतील. मी दहा वाजता त्यांच्याकडे यायचं, मग दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ, आणि आपल्याच इमारतीत डॉक्टरांना काय तोटा. हा विनोद होता. मी हसलो, तेही हसले.

फोन ठेवला तेव्हा मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. भीती होती तिथेच होती. बायको मशीनपाशी उभी होती, हातात अर्धी बाही. तिच्याकडे बघताना मला कळलं की साहेबांना मी सांगितलं ते खरं होतं, माझ्या माहितीत एवढंच होतं. पण माहिती माझ्या एकट्याकडेच नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी टॉर्च धरणारी ही बाई त्याआधीही याच घरात होती.

"आणखी काय काय?" मी विचारलं.

"आत्ता ऐकायचंय?"

"आत्ता. उद्या विचारायचं राहून जाईल."

तिने बाही घडी करून मशीनवर ठेवली, मशीनचं बटण बंद केलं, खुर्ची ओढून माझ्या समोर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.